आउसबॉयटे नाणी

हा लेख स्थानिक खाणींतील चांदीपासून पाडलेल्या ऐतिहासिक जर्मन नाण्यांविषयी आहे. भांडी व दागिन्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'जर्मन सिल्व्हर' या मिश्रधातूत चांदी नसते. तो तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू आहे.

'''आउसबॉयटे नाणी''' ही जर्मन भाषक प्रदेशांतील राज्यांनी आपल्या हद्दीतील एखाद्या विशिष्ट खाणीच्या किंवा खाणक्षेत्राच्या उत्पन्नातून पाडलेली नाणी होत. यांतील बहुतेक नाणी चांदीची असून ती टालर या मोठ्या नाण्याच्या किंवा त्याच्या अंशांच्या व पटींच्या रूपात आढळतात. म्हणून त्यांना 'आउसबॉयटेटालर' असेही म्हणतात. नाण्यातील धातू कोठून आला हे त्याच्यावरील लेखातून किंवा चित्रातून सांगितलेले असणे, हे या नाण्यांचे मुख्य लक्षण आहे. हार्त्स पर्वत, सॅक्सनीतील एर्त्सगेबिर्गे पर्वत आणि मान्सफेल्ड हे या नाण्यांचे प्रमुख प्रदेश होत.

सोळाव्या शतकापासून १८७१ पर्यंत ही नाणी वेगवेगळ्या स्वरूपांत पाडली जात होती. ती चलन म्हणून वापरली जात, खाणीच्या भागधारकांना लाभांश म्हणून दिली जात आणि राज्यकर्त्याच्या संपन्नतेची जाहिरातही करीत. नाण्यांवर खाणीचे उत्पन्न हा ईश्वराचा आशीर्वाद असल्याचे लिहिलेले असे. प्रत्यक्षात बहुसंख्य खाणी दीर्घकाळ तोट्यात चालत आणि नफ्यात आलेल्या खाणीच्या चांदीवरही पहिला हक्क राज्यकर्त्याचा असे. त्यामुळे ही नाणी खाणकामाच्या वैभवाइतकीच त्यामागील आर्थिक व्यवस्थेचीही साधने मानली जातात.

== नाव व व्याख्या ==

'आउसबॉयटे' या जर्मन शब्दाचा सामान्य अर्थ 'मिळकत' किंवा 'उत्पन्न' असा आहे. खाणकामाच्या परिभाषेत मात्र त्याला नेमका अर्थ होता. खाणीचा सर्व खर्च, कर्जफेड आणि राज्याची देणी भागवून भागधारकांना वाटण्याजोगी जी रक्कम उरे, तिला आउसबॉयटे म्हणत. एखादी खाण 'आउसबॉयटेत आली' याचा अर्थ तिच्यात चांदी सापडली एवढाच नसून ती प्रथमच किंवा पुन्हा नफा वाटू लागली, असा होत असे.

नाणकशास्त्रात ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाते. संकुचित अर्थाने, ज्या नाण्यावर खाणीचे नाव किंवा तिचे चिन्ह आहे, तेच आउसबॉयटे नाणे ठरते. व्यापक अर्थाने, एखाद्या प्रदेशातील खाणकामाचा उल्लेख असलेले कोणतेही नाणे या वर्गात धरले जाते. नद्यांच्या वाळूतून मिळालेल्या सोन्यापासून पाडलेली ऱ्हाइन, डॅन्यूब, इन व इझार या नद्यांची डुकाट नाणी हा याच कल्पनेचा सोन्यातील आविष्कार आहे.

== कायदेशीर व आर्थिक पार्श्वभूमी ==

मध्ययुगीन जर्मन प्रदेशांत जमिनीखालील मौल्यवान धातूंवरील हक्क जमीनमालकाचा नसून सार्वभौम सत्तेचा मानला जाई. हा हक्क प्रथम सम्राटाकडे होता आणि पुढे तो क्रमाक्रमाने प्रादेशिक राज्यकर्त्यांकडे गेला. राज्यकर्ता स्वतः खाण चालवण्याऐवजी बहुधा इतरांना खाणकामाची मुभा देई आणि बदल्यात उत्पन्नाचा दहावा हिस्सा घेई. याखेरीज चांदीच्या खरेदीचा अग्रहक्क त्याच्याकडे असे. खाणीतून निघालेली चांदी खुल्या बाजारात न विकता ठरावीक दराने राज्याच्या टांकसाळीला देणे बंधनकारक होते. हा दर सामान्यतः बाजारभावापेक्षा कमी असल्याने दशांशाच्या जोडीला टांकसाळीचा नफाही राज्याला मिळत असे.

खाण चालवण्यासाठी लागणारे भांडवल भागधारकांच्या मंडळाकडून उभे राही. भागधारकाला 'गेवेर्के' आणि त्याच्या भागाला 'कुक्स' म्हणत. सॅक्सनीत एका खाणीचे साधारणपणे १२८ कुक्स असत. हे भाग सरदार, व्यापारी, नगरपालिका, चर्च आणि विद्यापीठे अशा विविध घटकांकडे असत. आधुनिक कंपनीच्या भागापेक्षा कुक्स एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा होता. खाण तोट्यात असेल, तर भागधारकाला दर तिमाहीला आपल्या वाट्याची जादा रक्कम भरावी लागे. या भरण्याला 'त्सुबूसे' म्हणत. ती वेळेत न भरल्यास भाग जप्त होई.

हिशेबाच्या चार तिमाहींना चर्चच्या पंचांगावरून रेमिनिस्सेरे, ट्रिनिटाटिस, क्रूसिस आणि लुसिए अशी नावे होती. प्रत्येक तिमाहीच्या अखेरीस कोणत्या खाणीने किती लाभांश दिला आणि कोणत्या खाणीने किती भरणा मागितला, याची जाहीर नोंद होई. हार्त्समधील अठराव्या शतकातील काही टालरांवर खाण कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत आउसबॉयटेत आली, हे कोरलेले आहे. अनेक वर्षे पैसा ओतल्यानंतर खाणीने दिलेला पहिला लाभांश हा भागधारकांसाठी संस्मरणीय प्रसंग असे आणि त्याची नोंद नाण्यावर होणे स्वाभाविक होते.

== धातुकापासून नाण्यापर्यंत ==

जर्मन खाणींत शुद्ध चांदी क्वचितच मिळे. हार्त्समधील चांदी मुख्यतः गॅलेना या शिशाच्या धातुकात अल्प प्रमाणात मिसळलेली असे, तर मान्सफेल्डमध्ये ती तांबेयुक्त काळ्या शेल खडकाच्या पातळ थरांत होती. एर्त्सगेबिर्गेच्या काही शिरांमध्ये मात्र चांदीची समृद्ध खनिजे आणि तारांच्या रूपातील नैसर्गिक चांदीही सापडे.

खाणीतून काढलेले धातुक हाताने निवडून, पाणचक्कीवर चालणाऱ्या मुसळांखाली कुटून आणि पाण्याने धुऊन समृद्ध केले जाई. त्यानंतर ते भाजून भट्टीत वितळवले जाई. त्यातून चांदी सामावलेले शिसे मिळे. हे शिसे सच्छिद्र तळाच्या भट्टीत तापवून त्यावर हवेचा झोत सोडला जाई. शिशाचे ऑक्साइड होऊन ते बाजूला वाहून जाई किंवा भट्टीच्या तळात शोषले जाई आणि चांदी मागे उरे. शिशाचा शेवटचा पापुद्रा फाटून चांदीचा पृष्ठभाग एकदम चमकून उठला की प्रक्रिया पूर्ण झाली असे समजले जाई. मान्सफेल्डच्या तांब्यात प्रथम शिसे मिसळून मग ते मंद आचेवर वितळवून वेगळे केले जाई. तांब्यातील चांदी या शिशाबरोबर निघून येई.

अशा प्रकारे मिळालेली चांदी पुन्हा शुद्ध करून टांकसाळीत आणली जाई. तेथे तिचा टंच काढला जाई, ठरावीक प्रमाणात तांबे मिसळले जाई आणि पट्ट्या ओतून त्यांतून चकत्या कापल्या जात. प्रारंभी ठशांवर हातोड्याने घाव घालून नाणी पाडली जात. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूळयंत्रे आणि पुढे मळसूत्री दाबयंत्रे वापरात आली. टंच व धातुकर्म यांचे तत्कालीन ज्ञान गेओर्ग आग्रिकोला याच्या १५५६ मधील 'दे रे मेटालिका' या लॅटिन ग्रंथात आणि लाझारुस एर्कर याच्या १५७४ मधील जर्मन ग्रंथात संकलित झाले आहे. एर्करने स्वतः गोस्लार येथील टांकसाळीत काम केले होते.

== इतिहास ==

=== मध्ययुगीन पूर्वपीठिका ===

पहिला ओटो याच्या काळात, दहाव्या शतकात सॅक्सनांच्या प्रदेशात चांदीच्या शिरा उघडल्या गेल्याची नोंद कॉर्व्हाय मठातील इतिहासकार विडुकिंड याने केली आहे. ही नोंद गोस्लारजवळील रामेल्सबेर्ग खाणीशी जोडली जाते. त्या शतकाच्या अखेरीस मोठ्या संख्येने पाडल्या गेलेल्या ओटो-आडेलहाइड पेनी नाण्यांची चांदीही हार्त्समधील असावी, असे सामान्यतः मानले जाते. मात्र या नाण्यांवर धातूच्या उगमाचा उल्लेख नाही.

११६८ मध्ये एर्त्सगेबिर्गेच्या पायथ्याशी चांदी सापडली. माइसेनचा मार्कग्राफ ओटो याने तेथे कोणालाही चांदी शोधण्याची मुभा दिली आणि त्यातून 'मुक्त पर्वत' या अर्थाचे नाव असलेले फ्रायबेर्ग हे शहर उदयास आले. १३३८ पासून फ्रायबेर्गच्या टांकसाळीत पाडलेले माइसेन ग्रोशेन हे मध्य युरोपातील महत्त्वाचे नाणे ठरले.

=== टालरचा उदय ===

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात एर्त्सगेबिर्गेमध्ये दुसरी मोठी लाट आली. श्नेबेर्ग, आनाबेर्ग आणि मारियनबेर्ग ही खाणशहरे काही दशकांतच उभी राहिली. श्नेबेर्गच्या एका खाणीत १४७७ मध्ये ड्यूक आल्ब्रेश्टने चांदीच्या प्रचंड धातुकखंडाचे टेबल करून त्यावर भोजन केले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. चांदीचा एवढा पुरवठा सामावून घेण्यासाठी मोठ्या नाण्यांची गरज होती. टिरोलमध्ये आर्चड्यूक सिगिसमुंडने १४८६ मध्ये श्वात्सच्या चांदीपासून सोन्याच्या गुल्डेनइतक्या मूल्याचे मोठे चांदीचे नाणे पाडले होते. सॅक्सनीने १५०० पासून तसेच नाणे नियमितपणे पाडण्यास सुरुवात केली.

एर्त्सगेबिर्गेच्या बोहेमियातील उतारावर १५१६ मध्ये योआखिमस्टाल (आजचे चेक प्रजासत्ताकातील याखिमोव्ह) हे खाणशहर वसवले गेले. तेथील श्लिक घराण्याच्या काउंटांनी १५२० च्या सुमारास संत योआखिमची प्रतिमा असलेली मोठी नाणी पाडली. 'योआखिमस्टालर' या नावाचे संक्षिप्त रूप होऊन 'टालर' हा शब्द रूढ झाला आणि डॉलर हे नावही त्यावरूनच आले. जगातील अनेक चलनांचे नाव अशा रीतीने एका खाणीच्या दरीवरून पडले आहे. राजा फर्डिनांडने १५२८ मध्ये श्लिक घराण्याचा नाणी पाडण्याचा हक्क काढून घेतला. चांदी जमिनीतून कोणीही काढली, तरी तिचे नाणे करण्याचा अधिकार हीच सत्तेची खरी खूण होती, हे या घटनेतून दिसते.

=== ब्राउनश्वाइगची नाणी ===

ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलचा ड्यूक धाकटा हाइनरिश याने १५५२ च्या करारान्वये गोस्लार शहराला रामेल्सबेर्गवरील आपले बहुतेक हक्क सोडण्यास भाग पाडले. त्याच्या नाण्यांवरील झाड हाती धरलेला रानमाणूस हे हार्त्सच्या नाण्यांचे ओळखचिन्ह बनले. विल्डेमान या खाणशहराच्या नावाचा अर्थही 'रानमाणूस' असाच आहे.

त्याचा मुलगा ड्यूक युलिउस याने १५७४ पासून अनेक टालरांच्या वजनाची प्रचंड नाणी पाडली. त्यांना 'युलिउसल्योजर' म्हणतात. प्रजाजनांनी आपल्या संपत्तीच्या प्रमाणात असे नाणे विकत घेऊन घरी राखून ठेवावे, असा त्याचा आदेश होता. ते खर्च करण्यास मनाई होती आणि राज्याला गरज पडल्यास ते परत करावे लागे. त्यामुळे खाणींची चांदी राज्याबाहेर न जाता प्रजेच्या पेट्यांमध्ये राखीव निधी म्हणून साठत असे. सतराव्या शतकातील त्याच्या वारसांच्या ल्योजर नाण्यांवर डोंगर, खाणींच्या विहिरी, घोड्यांनी फिरणारे रहाट आणि काम करणारे मजूर यांची सविस्तर दृश्ये आहेत. तत्कालीन खाणतंत्राच्या अभ्यासासाठी ती उपयुक्त ठरली आहेत.

=== अवमूल्यनाचे काळ ===

तीस वर्षांच्या युद्धाच्या प्रारंभी, १६१९ ते १६२३ या काळात, अनेक जर्मन राज्यांनी लहान नाण्यांतील चांदी कमी करून तांब्याचे प्रमाण वाढवले. चांगली नाणी वेचून वितळवली गेली, भाव भडकले आणि पगारावर जगणाऱ्यांचे मोठे हाल झाले. पुढे हार्त्सच्या नाण्यांवर 'शुद्ध चांदी' असा लेख दिसू लागला. १६९० च्या लाइप्त्सिश प्रमाणानुसार एका कोलोन मार्क (सुमारे २३३.८६ ग्रॅम) शुद्ध चांदीतून २/३ टालरची १८ नाणी पाडली जात. हार्त्समध्ये हे नाणे तांबे जवळजवळ न मिसळता पाडले जात असल्याने त्याचे वजन सुमारे १३ ग्रॅमच भरे. शुद्धतेमुळे ते साठवून ठेवण्याकडे लोकांचा कल असे.

सात वर्षांच्या युद्धात प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश याने १७५६ मध्ये सॅक्सनी व्यापले आणि लाइप्त्सिशच्या टांकसाळीतून सॅक्सनीच्याच छापाची हलक्या कसाची नाणी पाडून घेतली. १७६३ मध्ये युद्ध संपल्यावर सॅक्सनीने कन्व्हेन्शन प्रमाण स्वीकारले आणि टालरवर 'दहा नाणी मिळून एक शुद्ध मार्क' असे लिहिले जाऊ लागले. याच पुनर्रचनेचा भाग म्हणून १७६५ मध्ये फ्रायबेर्ग येथे खाणकाम अकादमीची स्थापना झाली. त्यानंतरच्या सॅक्सन आउसबॉयटे टालरांवर शुद्धतेची हमी आणि 'खाणकामाचा आशीर्वाद' हे दोन्ही लेख एकत्र आढळतात. युद्धात गमावलेला विश्वास राज्य आपल्याच जमिनीतील चांदीच्या आधारे परत मिळवू पाहत होते.

== प्रदेशवार नाणी ==

=== हार्त्स ===

वरच्या हार्त्समधील मुख्य टांकसाळी क्लाउस्टाल (१६१७–१८४९) आणि त्सेलरफेल्ड (१६०१–१७८८) येथे होत्या. ही दोन शहरे एकमेकांना लागून असली, तरी वेल्फ घराण्याच्या वेगवेगळ्या शाखांमधील वाटण्यांमुळे त्यांच्या टांकसाळी स्वतंत्र होत्या. सांक्ट आंद्रेआसबेर्गच्या नाण्यांवर तिरप्या क्रुसासह संत आंद्रेआस दिसतो.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून खाणींच्या नावांवर आधारित चित्रे लोकप्रिय झाली. 'लाउटेंटालचे भाग्य' या खाणीच्या टालरवर ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणारी स्त्री आहे, कारण गावाच्या नावाचा उच्चार या वाद्याच्या जर्मन नावाशी जुळतो. 'पांढरा हंस' खाणीच्या नाण्यावर हंस आणि 'इंद्रधनुष्य' खाणीच्या नाण्यावर खाणप्रदेशावर उमटलेले इंद्रधनुष्य आहे. 'प्रभूची कृपा' ही आणखी एक नाणी असलेली खाण होय. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही अशा चित्रावरून चांदी कोणत्या खाणीची आहे, हे ओळखता येत असे. एकोणिसाव्या शतकात हानोफर राज्याच्या टालरांवर हार्त्सच्या खाणींच्या आशीर्वादाचा उल्लेख येऊ लागला.

=== सॅक्सनी ===

इलेक्टर आउगुस्ट याने १५५६ पासून राज्यातील नाणीव्यवहार आपल्या राजधानीत, ड्रेस्डेन येथे केंद्रित केला. खाणशहरांतील टांकसाळी त्यामुळे बंद पडल्या. पुढील तीन शतके एर्त्सगेबिर्गेची चांदी ड्रेस्डेनमध्ये येऊन नाण्यांत रूपांतरित होत राहिली. सॅक्सनीच्या आउसबॉयटे नाण्यांवर सहसा एका खाणीऐवजी संपूर्ण खाणउद्योगाचा उल्लेख असतो. ही मालिका राजा योहानच्या काळात १८७१ पर्यंत चालली.

=== मान्सफेल्ड ===

मान्सफेल्डचे काउंट सोळाव्या शतकापासून ड्रॅगनचा वध करणाऱ्या संत जॉर्जची प्रतिमा आपल्या टालरांवर छापत. मार्टिन ल्यूथरचे वडील याच प्रदेशातील तांबे गाळण्याच्या व्यवसायात होते. १८१५ मध्ये हा प्रदेश प्रशियाकडे गेला. १८२६ ते १८६२ या काळात प्रशियाने येथील चांदीपासून 'मान्सफेल्ड खाणकामाचा आशीर्वाद' असा लेख असलेले टालर पाडले. प्रशियाशी जोडले गेल्याच्या शताब्दीनिमित्त १९१५ मध्ये काढलेल्या ३ मार्कच्या नाण्यावर संत जॉर्ज पुन्हा अवतरला.

=== लहान राज्ये ===

* '''हेनेबेर्ग-इल्मेनाउ:''' १६९० च्या दशकात व १७०२ पर्यंत तांबे व चांदीच्या खाणींतून टालर पाडले गेले. हेनेबेर्ग या नावाला अनुसरून त्यांवर टेकडीवर उभी असलेली कोंबडी आहे. १७३९ मध्ये बांध फुटून खाणी बुडाल्या. वायमार राज्याचा मंत्री असताना कवी गटे याने १७८४ मध्ये त्या पुन्हा सुरू केल्या. परंतु १७९६ मध्ये पाणी वाहून नेणारा बोगदा कोसळल्याने तो प्रयत्नही फसला.
* '''आनहाल्ट-बेर्नबुर्ग:''' तटबंदीवर चालणारे मुकुटधारी अस्वल हे या राज्याच्या टालरचे चिन्ह होते. १८४६ पासूनच्या टालरांवर आनहाल्टच्या खाणकामाचा उल्लेख आहे.
* '''श्टोलबेर्ग:''' दक्षिण हार्त्समधील या काउंटांच्या नाण्यांवर स्तंभासमोर उभे असलेले हरीण दिसते.
* '''फ्युर्स्टेनबेर्ग:''' ब्लॅक फॉरेस्टमधील सांक्ट वेंझेल खाणीच्या चांदीचे टालर अठराव्या शतकात पाडले गेले.
* '''हेसेन-कासेल व नासाउ-वाइलबुर्ग:''' अनुक्रमे बीबर व मेलबाख येथील खाणींच्या उत्पन्नातून या राज्यांनी नाणी काढली.
* '''बाडेन:''' १८३० च्या दशकातील क्रोनेनटालरवर बाडेनच्या खाणकामाचा उल्लेख आहे.

लहान राज्यांच्या बाबतीत अशा नाण्यांची संख्या बहुधा थोडी असे. ती पाडण्याचा खर्च उत्पन्नाच्या मानाने मोठा असला, तरी आपल्याकडे स्वतःची चांदी आणि टांकसाळीचा अधिकार आहे, हे शेजारच्या दरबारांना दाखवण्याचे ते साधन होते.

== लेख व चिन्हे ==

आउसबॉयटे नाण्यांवरील लेख लॅटिन किंवा जर्मन भाषेत असतात. 'खाणीच्या आतड्यांतून' या अर्थाचे लॅटिन सूत्र अठराव्या शतकातील अनेक नाण्यांवर आढळते. जर्मन नाण्यांवरील 'झेगेन' या शब्दाचे मराठी भाषांतर 'आशीर्वाद' असे होते. मात्र खाणकामाच्या संदर्भात त्यात 'बरकत' ही छटाही आहे. शीर कोठे सापडेल आणि केव्हा संपेल हे आधी सांगता येत नसल्यामुळे तिच्यातील धातू ही दैवी देणगी मानली जाई.

खाणकामाचे सर्वांत परिचित चिन्ह म्हणजे एकमेकांवर तिरपे ठेवलेले हातोडा व छिन्नी. त्याशिवाय खाणीवरील लाकडी छपरे, धूर सोडणारी भट्टी, ढगातून बाहेर आलेला ईश्वराचा हात, सूर्य आणि ग्रहचिन्हेही दिसतात. किमयेच्या परंपरेत चंद्र हे चांदीचे आणि शनी हे शिशाचे चिन्ह होते. टांकसाळीच्या अधिकाऱ्याची आद्याक्षरे किंवा खूणही नाण्यावर असते. टंच कमी भरल्यास जबाबदार कोण, हे त्यावरून निश्चित करता येत असे.

== वजन व शुद्धता ==

आउसबॉयटे नाण्यांसाठी वेगळे चलनप्रमाण नव्हते. त्या त्या काळच्या राज्यमान्य प्रमाणानुसारच ती पाडली जात. मुख्य प्रमाणांनुसार नाण्यातील शुद्ध चांदी पुढीलप्रमाणे होती:

* राइशटालर (१५६६): सुमारे २५.९८ ग्रॅम
* कन्व्हेन्शन टालर (सॅक्सनीत १७६३ पासून): सुमारे २३.३९ ग्रॅम
* १४ टालर प्रमाणातील प्रशियन टालर: सुमारे १६.७० ग्रॅम
* फेराइन्सटालर (१८५७): सुमारे १६.६७ ग्रॅम

तीन शतकांत टालरमधील चांदी सुमारे एक तृतीयांशाने घटली, हे यावरून स्पष्ट होते. नाणे खरोखर लेखातील खाणीच्याच चांदीचे आहे काय, हे शिशाच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून तपासता येते, कारण प्रत्येक खाणक्षेत्रातील शिशाची ठेवण वेगळी असते. मात्र वेगवेगळ्या उगमांची चांदी एकाच मुशीत वितळवली असल्यास हा शोध अवघड होतो.

== खाणकामगार व पर्यावरण ==

नाण्यांवरील दृश्यांत खाणकामगार नीटनेटक्या पोशाखात दिसतात. प्रत्यक्षात त्यांना शेकडो मीटर खोल शिड्यांनी उतरावे व चढावे लागे. १८३३ मध्ये क्लाउस्टालजवळ खाली-वर हलणाऱ्या दांड्यांवर उभे राहून जाण्याची यंत्रणा प्रथम वापरण्यात आली. पुढच्याच वर्षी तेथील अधिकारी विल्हेल्म आल्बेर्ट याने तारांचा दोर प्रचारात आणला. धातुक निवडण्याच्या व कुटण्याच्या कामावर लहान मुले असत.

खाणकामगारांच्या फुप्फुसांच्या आजारांवरील पॅरासेल्ससचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५६७ मध्ये प्रकाशित झाला. श्नेबेर्गच्या खाणकामगारांना होणारा जीवघेणा आजार हा फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे १८७९ मध्ये दाखवले गेले. खडकातून बाहेर पडणारा किरणोत्सर्गी रेडॉन वायू हे त्याचे कारण होते, हे नंतर स्पष्ट झाले. भट्टीतील कामगारांना शिशाची विषबाधा होत असे. परस्परसाहाय्यासाठी कामगारांनी स्थापन केलेल्या संघांचा उल्लेख गोस्लार येथे १२६० मध्येच आढळतो. आजारी कामगार, विधवा व अनाथ यांना मदत करणारे हे संघ जर्मन सामाजिक विमाव्यवस्थेचे पूर्वसूरी मानले जातात.

खाणींतील आधाराचे लाकूड आणि भट्ट्यांसाठीचा कोळसा यांमुळे हार्त्समधील मूळची मिश्र जंगले तोडली गेली आणि त्यांच्या जागी मोठ्या प्रमाणावर स्प्रूसची लागवड झाली. ओकर व इनर्स्टे या नद्यांच्या काठच्या जमिनीत शिसे व इतर जड धातूंचे प्रदूषण आजही आढळते.

कवी हाइनरिश हाइने याने १८२४ मध्ये क्लाउस्टाल येथील चांदीची भट्टी, टांकसाळ आणि डोरोथिआ व कारोलिना या खाणी पाहिल्या. धातुकापासून नाण्यापर्यंतचा प्रवास एकाच गावात पाहिलेल्या या कवीने त्याचे वर्णन आपल्या हार्त्सच्या प्रवासवर्णनात केले आहे.

== अखेर ==

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्पॅनिश अमेरिकेतील, विशेषतः १५४५ मध्ये सापडलेल्या पोतोसी येथील चांदी युरोपात येऊ लागली आणि जर्मन खाणींचे सापेक्ष महत्त्व घटले. तरीही राज्यांच्या पाठबळावर त्या आणखी तीन शतके चालल्या. जर्मन साम्राज्याची स्थापना झाल्यावर १८७१ व १८७३ च्या कायद्यांनी सोन्यावर आधारित मार्क हे चलन आले. स्वतंत्र राज्यांच्या टालरांचे युग संपले आणि चांदीची किंमतही झपाट्याने उतरली. उरलेले टालर १९०७ पर्यंत कायदेशीर चलन म्हणून वापरात होते.

त्यानंतर खाणीही एकामागून एक बंद झाल्या. फ्रायबेर्गमधील सरकारी चांदीच्या खाणी १९१३ मध्ये बंद पडल्या. १९३० च्या दशकात तेथे शिसे व जस्तासाठी काम पुन्हा सुरू होऊन १९६९ मध्ये थांबले. रामेल्सबेर्ग १९८८ मध्ये, मान्सफेल्ड १९९० मध्ये आणि हार्त्समधील शेवटची बाड ग्रुंड येथील खाण १९९२ मध्ये बंद झाली. ड्रेस्डेनची टांकसाळ १८८७ मध्ये फ्रायबेर्गजवळील मुल्डेनह्युटेन येथे, चांदीच्या भट्ट्यांशेजारी हलवण्यात आली होती. तीही १९५३ मध्ये बंद झाली.

विशेष म्हणजे, ज्या श्नेबेर्गची चांदी सॅक्सनीच्या टालरांत गेली, त्याच शहरात एर्न्स्ट आउगुस्ट गाइटनर याने १८२३ मध्ये चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू तयार केला. भारतात 'जर्मन सिल्व्हर' म्हणून ओळखला जाणारा धातू तो हाच.

== वारसा ==

रामेल्सबेर्ग खाण व गोस्लार शहर यांना १९९२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. खाणींना यंत्रशक्ती पुरवणारी वरच्या हार्त्समधील तलाव, कालवे व बोगद्यांची जलव्यवस्था २०१० मध्ये त्यात समाविष्ट झाली. जर्मनी व चेक प्रजासत्ताकातील एर्त्सगेबिर्गे खाणप्रदेशाला २०१९ मध्ये हा दर्जा मिळाला. या प्रदेशांतील अनेक जुन्या खाणी आता संग्रहालये म्हणून खुल्या आहेत.

आउसबॉयटे नाणी आज संग्राहकांमध्ये विशेष मागणी असलेली आहेत. मोठी ल्योजर नाणी आणि अल्पकाळ चाललेल्या खाणींचे टालर दुर्मीळ समजले जातात. इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांचा उपयोग खाणींच्या हिशेबवह्यांबरोबर होतो. कोणती खाण केव्हा नफ्यात आली हे नाणे सांगते. त्याआधी किती वर्षे भरणा करावा लागला आणि नफा किती काळ टिकला, हे मात्र हिशेबवहीतच सापडते.